खिशातली बॅटरी : लष्करच्या सराफ्यातून एक मागोवा

ग्वाल्हेरमधल्या लष्करच्या सराफ्यात भरदुपारीसुद्धा बहुतेक पेढ्यांवर भिंग आणि चिमट्याच्या शेजारी एक छोटी बॅटरी पडलेली असते. बाहेर ऊन, आत दिव्यांचा लखलखाट, तरी खडा हातात आला की शेटजी ती उचलतात आणि उजेड खड्याच्या कडेने आत सोडतात. हातातल्या दिव्याने आजवर काय काय रूपं घेतली हे पाहायला ग्वाल्हेरात यापेक्षा चांगली जागा नाही. इथे तो अंधारात वाट दाखवायलाही लागतो आणि उजेडात खरंखोटं करायलाही.

रोज खिशात बाळगायला कोणती बॅटरी घ्यावी, असं आजही कोणी ना कोणी विचारतंच. दुकानदार उत्तर देतो ते ल्युमेनच्या आकड्यात. मला वाटतं, मागच्या प्रत्येक काळाने या दिव्याबद्दल एकेक गोष्ट शिकवून ठेवली आहे. त्या सगळ्या ओळीने मांडल्या की दुकानदाराला विचारायला फारसं काही उरत नाही.

न्यूयॉर्कच्या डेव्हिड मिसेलला नळीच्या आकाराच्या हातदिव्याचं पेटंट मिळालं १० जानेवारी १८९९ रोजी. त्याच्या बारा-तेरा वर्षं आधी जर्मनीत कार्ल गास्नरने कोरडा सेल बनवला होता. म्हणूनच विजेचा दिवा उलटासुलटा धरता येऊ लागला. सुरुवातीचे बल्ब कार्बनच्या तारेचे आणि सेल दुबळे. क्षणभर लावायचा, सोडायचा, सेलला दम घेऊ द्यायचा. टंगस्टनची तार आली तेव्हा कुठे तो सलग जळू लागला. आपल्याकडे एव्हरेडीची भारतीय कंपनी १९३४ साली कलकत्त्यात स्थापन झाली. पुढे अलाहाबादचं जीप आणि मुंबईचं एस्ट्रेला हीही नावं घराघरांत पोचली.

लष्करला अशा दिव्याची गरज होतीच. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि छावणीचंच शहर झालं. पाटणकर बाजार, फालका बाजार ही नावं मराठी सरदारांची. वाडे मोठे, पण त्यांच्यामधल्या गल्ल्या अरुंद, वळणावळणाच्या, कडेला उघडी गटारं. त्यात गाव गाण्याचं आणि कीर्तनाचं. ढोलीबुवांच्या मठातलं कीर्तन किंवा कुणाच्या घरची बैठक संपायला मध्यरात्र व्हायची. परतताना वाटेत बसलेली गाय आधी दिसावी म्हणून घरटी एक बॅटरी असे. ती बहुधा घरातल्या कर्त्याच्या उशाशी असायची आणि मुलांनी हात लावला की ओरडा बसायचा.

ती बॅटरी दोन मोठ्या सेलची. पितळी नळी, वर निकेलचा मुलामा, अंगठ्याने सरकवायचं बटन, पुढे रुंद तोंड, मागे आट्यांचं झाकण आणि त्यात स्प्रिंग. एकेक सेल ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ मिलिमीटर लांब. दोन्ही आत गेले की हातात चांगला दांडका येई, कुत्र्यांनाही त्याचा धाक असे. एवढा जामानिमा कशासाठी, तर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरच्या बल्बसाठी, म्हणजे जेमतेम पाऊण वॅट. त्यातला बहुतेक भाग उष्णतेत जाई. उरलेला पिवळा उजेड रस्त्यावर कडी-कडीने पडे आणि तोंड पिळून तो गोळा करावा लागे.

त्या सेलचा मोठा दोष म्हणजे पाझरणं. जस्ताचं भांडं हाच त्याचा ऋण ध्रुव. वीज देता देता ते भांडंच झिजत जातं, शेवटी त्याला भोक पडतं आणि आतला क्षार बाहेर येतो. पितळ हिरवं पडतं, स्प्रिंग गंजते, झाकण असं आवळून बसतं की दोघांनी ओढूनही निघत नाही. म्हणून जाणती माणसं वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवत. मंद झालेले सेल गच्चीवर उन्हात ठेवायचा उद्योग तर घरोघरी चाले. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि एखादी रात्र निभते. या काळाचा धडा सेलबद्दलचा आहे. तो सहज मिळणारा हवा, सहज काढता येणारा हवा आणि न पाझरणारा हवा.

१९६५ आणि १९७१ च्या लढायांनी उलटा धडा दिला. ग्वाल्हेरला हवाई दलाचा तळ. ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद लागत आणि बॅटरीच्या काचेवरही कागद चिकटवून उजेड मारला जाई. पायापुरतं दिसलं की पुरे. ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलला शहरातले दिवे पुन्हा मालवले गेले, तेव्हा झगझगीत बॅटरी असलेल्यांची अडचण अशी झाली की त्यांच्याकडे कमी उजेड नव्हताच. रात्री घरात कुणाची झोप न मोडता पाण्याचा तांब्या शोधायचा असेल तरी हीच अडचण येते.

सराफ्याचे स्वतःचे धडे दोन, एकट्या दिव्याचा आणि रंगाचा. स्टार नीलम किंवा स्टार माणकाचा घुमटाकार खडा घ्या. साध्या उजेडात तो धुरकट, निर्जीव वाटतो. एका बल्बची बॅटरी बरोबर वरून धरली की त्याच्या माथ्यावर सहा किरणांचा तारा उमटतो आणि बॅटरी हलवली की तोही खड्यावरून सरकतो. आता तिथे नऊ बारक्या एलईडींची बॅटरी धरा. प्रत्येक एलईडी आपला वेगळा तारा पाडू पाहतो आणि सगळाच गोंधळ होतो. माणकाची आणखी एक गंमत. जुन्या पिवळ्या बल्बखाली ते आहे त्याहून लाल दिसतं आणि स्वस्त निळसर एलईडीखाली मलूल, कारण त्या उजेडात गडद लालच कमी असतो. एक दिवा खुशामत करतो, दुसरा निंदा. म्हणून माहितगार गिऱ्हाईक खडा घेऊन दुकानाच्या पायरीवर, दिवसाच्या उजेडात येतं.

कारागिराच्या हातून बारीक खडा निसटला की बॅटरीचं दुसरं काम सुरू होतं. उभं राहून वरून उजेड टाकला तर फरशीवर काही सापडत नाही. बॅटरी फरशीला टेकवून आडवी ठेवायची आणि सावकाश फिरवायची. कणभर खड्याचीही लांब सावली पडते, नाहीतर तो चमकून आपला ठावठिकाणा सांगतो. घरात चष्म्याचा स्क्रू किंवा कानातल्याची फिरकी हरवली तरी हीच युक्ती करावी. फक्त बॅटरी गोल गुळगुळीत असून चालत नाही, ठेवली की घरंगळते. तिला क्लिप हवी, निदान एखादी सपाट बाजू तरी.

मध्य प्रदेशात या मागोव्याला भोपाळ टाळून पुढे जाता येत नाही. १९३४ च्या त्या कंपनीचं नाव १९५९ पासून युनियन कार्बाइड इंडिया होतं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ज्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला, तो याच कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना. घरातल्या एव्हरेडी सेलचा आणि त्या कारखान्याचा मालक एकच होता, हे कित्येकांना तेव्हा कळलं. १९९० च्या दशकात कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली आणि एव्हरेडी इंडस्ट्रीज झाली. लाल सेल दुकानात राहिला.

त्यानंतरचा काळ भारनियमनाचा. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि मध्य प्रदेशात दिवे तासन्‌तास जाऊ लागले. २००३ ची विधानसभा निवडणूक बिजली, सड़क, पानी या तीन शब्दांवर लढली गेली आणि सरकार पडलं. पेढ्यांवर इन्व्हर्टर आले. घरांत आल्या त्या भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खुपसायच्या चार्जिंगच्या बॅटऱ्या. त्यांच्या पोटात लेड-अ‍ॅसिडची छोटी बॅटरी असे. ती दोन-चार महिने रिकामी पडून राहिली की कायमची मरते, आणि बदलायला झाकण नसतं. आमच्या घरातली अशीच एक ऐन दिवाळीत मुकी निघाली.

उजेड खरा पालटला तो पांढऱ्या एलईडीने. जपानच्या निचिया कंपनीत शूजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी साधला आणि त्यावर पिवळं फॉस्फर देऊन कंपनीने १९९६ मध्ये पांढरा उजेड बाजारात आणला. निळ्या एलईडीच्या कामाला २०१४ चं नोबेल मिळालं. बल्ब उडण्याची भीती गेली, एका पेन्सिल सेलवर जुन्या दांडक्याच्या कितीतरी पट उजेड पडू लागला. २००३ च्या नोकिया ११०० ने तर बॅटरी फोनच्या डोक्यातच बसवली. 'सी'चं बटन दाबून धरलं की दिवा लागे, न पाहता, एका हाताने. पुढे स्मार्टफोन आले आणि तीच सोय अवघड झाली. स्क्रीन जागी करा, बोट सरकवा, चिन्ह शोधा, आणि हात ओले असले तर तेही नाही. फोनची चार्जिंग संपते तीही नेमकी वीज गेलेली असतानाच.

आता या सगळ्या धड्यांनिशी आज दुकानात जाऊ. बॅटरी एका पेन्सिल सेलची घ्यावी. तो सेल साडेचौदा मिलिमीटर जाडीचा असतो, शर्टाच्या खिशात बोजा होत नाही आणि तो भिंतीवरच्या घड्याळातही असतो, म्हणजे अडीनडीला घरात एक राखीव सेल नेहमीच आहे. आत साधा सेल ठेवून विसरण्यापेक्षा निकेल-मेटल हायड्राइडचा चार्जिंगचा सेल बरा. साध्या सेलइतका तो सहसा पाझरत नाही. यूएसबीने चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या देखण्या असतात, पण ज्यांचा सेल बाहेर काढता येत नाही त्यांचं आयुष्य त्या सेलइतकंच.

बटन एकच असावं, शेपटाला, आणि पहिल्या दाबाला कमी उजेड लागावा. लुकलुकणारे, एसओएसचे प्रकार जितके कमी तितकं बरं. आजी-आजोबांच्या हातात दिली तर समजावून सांगायला लागता कामा नये. गल्लीसाठी शंभर ल्युमेन भरपूर. हजारचा दावा वाचून भुलू नये. डोळ्याला दुप्पट वाटायला उजेड चौपट लागतो, आणि खोक्यावर दिलेला बॅटरी चालण्याचा वेळ बहुधा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. एलईडी एकच असावा, रंग ४००० केल्विनच्या आसपास, आणि सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचं माप, ९० च्या वर. सराफ्यात दागिन्याचं वजन आणि कस वेगवेगळे पाहतात. ल्युमेन हे नुसतं वजन झालं, कस या शेवटच्या आकड्यात आहे.

खोक्यावर हा आकडा छापलेला नसेल तर दुकानातच आपल्या तळहातावर उजेड टाकून पाहावा. तळहात निरोगी, गुलाबी दिसला तर पैसे द्यावेत. राखाडी, आजारी दिसला तर बॅटरी कितीही चमकदार असो, काउंटरवर परत ठेवावी.