देहातील बिऱ्हाडकरू

हॉलंड देशातील डेल्फ्ट या गावी सतराव्या शतकात आंतोनी व्हान लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनविण्याचा त्याला विलक्षण छंद होता. १६८३ साली त्याने आपल्या दातांवरील पांढुरके किटण खरवडून काढले, ते पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालविले आणि भिंगाखाली धरले. पाहतो तो काय! त्या थेंबात असंख्य चिमुकले जीव चपळपणे हालचाल करीत होते. लेव्हेनहुक हा मिठाने दात घासणारा टापटिपीचा गृहस्थ. तरीही त्याच्या मुखात हे जीव होते. ज्या एका वृद्धाने जन्मात कधी दात घासले नव्हते, त्याच्या मुखात तर त्यांची दाटीच झालेली होती. सबंध नेदरलँड्समध्ये जितकी माणसे राहतात, त्यांहून अधिक जीव आपल्या एकट्याच्या तोंडात आहेत, असे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले.

ही अतिशयोक्ती नव्हती. २०१६ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या गणनेनुसार प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जीवाणू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लक्ष कोटी भरतात. म्हणजे या देहरूपी वाड्यात मालकापेक्षा बिऱ्हाडकरूच अधिक! इतके असूनही त्या सर्वांचे वजन अवघे २०० ग्रॅम होते. त्यांपैकी बहुतेकांचे बिऱ्हाड मोठ्या आतड्यात असते. उरलेले तोंडात, नाकात व त्वचेवर राहतात. जंतू म्हटले की रोग आठवतो. परंतु यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असून कित्येक तर उपकारक आहेत. मात्र ही वस्ती जन्मभर एकसारखी राहत नाही. माणूस वाढतो, वयात येतो, वृद्ध होतो, तसतशी तीही पालटत जाते.

मातेच्या उदरात असताना मुलाच्या आतड्यात जंतूंची वस्ती नसते. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने म्यूनिक शहरात नवजात अर्भकांची विष्ठा तपासून १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूल जन्मल्याबरोबर त्याच्या पोटात जंतू सापडत नाहीत. पण थोड्याच तासांत ते दिसू लागतात, असे त्याला आढळले. एवढ्या महत्त्वाच्या शोधाचा आरंभ बाळाच्या दुपट्यापासून व्हावा, हे कोणास विचित्र वाटेल. परंतु शास्त्रज्ञाला किळस बाळगून चालत नाही. त्याने शोधलेल्या एका जीवाणूला पुढे त्याच्याच नावावरून एशेरिशिया कोलाय असे नाव मिळाले.

हे पहिले रहिवासी येतात ते मुख्यतः मातेच्या शरीरातून. काही तिच्या त्वचेवरून, काही घेणाऱ्याच्या हातांवरून आणि हवेतून. नवजात मुलाच्या आतड्यात थोडा प्राणवायू असतो. तो ज्यांना सोसतो असे जीवाणू आधी वस्ती करतात आणि तो संपवून टाकतात. मग ज्यांना प्राणवायू विषासारखा आहे, अशा दुसऱ्या जातींना तेथे राहता येते. रान तोडून जमीन लागवडीस आणणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांप्रमाणे हे प्रथम आलेले जंतू पुढच्यांसाठी जागा सिद्ध करून ठेवतात.

यानंतरची हकीकत सर्वांत मनोरंजक आहे. एकोणिसावे शतक संपत असताना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए नावाचा शास्त्रज्ञ काम करीत होता. अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आतड्यात त्याला बेचकीच्या आकाराचा एक जीवाणू विपुल प्रमाणात आढळला. दुभंगलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला बायफिडस हे नाव पडले. मातेचे दूध पिणाऱ्या मुलांतच हा जंतू एवढा का माजावा? त्याचे उत्तर मिळण्यास पुष्कळ वर्षे लागली. मातेच्या दुधात दुग्धशर्करा व स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल एका विशेष प्रकारच्या शर्करा असतात. त्यांच्या लहान लहान साखळ्या असून त्यांचे शंभराहून अधिक प्रकार सापडले आहेत. नवल असे की, मुलाला त्या पचतच नाहीत! त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथे या बायफिडस जंतूंचे अन्न होतात. आई दूध पाजते ते केवळ बाळाला नव्हे. बाळाच्या पोटातील या चिमुकल्या पाहुण्यांनाही ती त्याच वेळी जेवू घालीत असते.

आणि पाहुणे कृतघ्न नसतात. त्या शर्करा खाऊन ते आम्ले तयार करतात. त्यामुळे आतड्यात आंबटपणा येतो आणि अतिसारासारखे रोग उत्पन्न करणाऱ्या कित्येक जंतूंचा तेथे निभाव लागत नाही. तान्ह्या मुलाच्या बाबतीत अतिसार हा जिवावरचा खेळ असतो. म्हणूनच या रखवालीचे मोल मोठे आहे.

सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाचे उष्टावण होते. मऊ भात, वरणाचे पाणी, कुस्करलेले केळे असे पदार्थ पोटात जाऊ लागतात. मूल रांगू लागते आणि हाती सापडेल ती वस्तू तोंडात घालते. दुधावर जगणाऱ्या जंतूंची संख्या घटून धान्याचा व भाज्यांचा कोंडा पचविणाऱ्या जाती वाढू लागतात. तीन वर्षांच्या सुमारास मुलाच्या आतड्यातील वस्ती मोठ्या माणसांसारखी दिसू लागते. तोंडातही फरक पडलेला असतो. काही जंतूंना चिकटून राहण्यास कठीण पृष्ठभाग लागतो. त्यामुळे दात उगवल्याशिवाय त्यांना ठाण मांडता येत नाही. दात किडविणारे जंतू यांतलेच. गोड खाल्ले की ते त्यापासून आम्ल बनवितात आणि दाताचे कवच झिजवितात.

अकरा ते चौदा या वयात त्वचेवर मोठी घडामोड होते. त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात आणि ते तेल आवडणारे जंतू, विशेषतः चेहऱ्यावर व पाठीवर, झपाट्याने वाढतात. मुरमे येण्यास इतर कारणांबरोबर हेही एक कारण असते. काखेतील विशिष्ट घर्मग्रंथी याच वयात कामास लागतात. त्यांचा घाम मुळात जवळजवळ गंधहीन असतो. त्वचेवरील जंतू त्यातील द्रव्यांचे विघटन करतात, तेव्हा वास सुटतो. लहान मुलाच्या घामाला तसा वास येत नाही, तो याचमुळे. यात लाजण्यासारखे काही नाही. स्नान केले म्हणजे झाले.

प्रौढ वयात वस्ती बरीच स्थिर असते. आपल्याला न पचणारा कोंडा जंतू आंबवितात आणि त्यापासून जी आम्ले होतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. प्रतिजैविक औषधे घेतली असता रोगजंतूंबरोबर यांचीही कत्तल उडते. बहुतेक जाती काही आठवड्यांनी परततात. काही मात्र दीर्घकाळ परतत नाहीत.

मग म्हातारपणी काय होते? या प्रश्नाने एल्या मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञास झपाटले होते. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, या शोधाबद्दल त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या आतड्यातील कुजविणारे जंतू विष निर्माण करतात आणि त्यामुळेच वार्धक्य येते, असे त्याचे मत होते. आंबविलेले दूध पिणारे बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी असतात, असे ऐकून तो स्वतःही आंबट दूध नियमाने पिऊ लागला. १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी तो वारला. सगळा दोष जंतूंच्या माथी मारण्यात त्याची चूक झाली. परंतु वार्धक्य आणि आतड्यातील जंतू यांचा संबंध शोधला पाहिजे, हा त्याचा आग्रह वाया गेला नाही.

पुण्यातील शास्त्रज्ञांनी या संबंधाचा शोध घेण्यासाठी एकत्र कुटुंबे निवडली. एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यांतील जंतूंची त्यांनी तुलना केली आणि २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. घर एक असूनही पिढीगणिक जंतूंच्या प्रमाणात फरक दिसला. तथापि येथे एक शंका उरते. हा फरक केवळ वयामुळे पडतो, की वयाबरोबर राहणी बदलते म्हणून?

त्याच वर्षी आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी १७८ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. काही वृद्ध आपापल्या घरी राहत होते, तर काही शुश्रूषागृहांत दीर्घकाळ राहत होते. घरी राहणाऱ्यांच्या ताटात फळे, भाज्या व इतर पदार्थांचे वैविध्य अधिक होते. त्यांच्या आतड्यांतील जंतूंतही तितकेच वैविध्य होते. शुश्रूषागृहातील वृद्धांचा आहार एकसुरी, जंतूंच्या जाती थोड्या आणि प्रकृतीही अधिक क्षीण होती. हे वृद्ध आधीच दुर्बळ होते म्हणून त्यांचे जंतू बदलले, असे कोणी म्हणेल. त्यात थोडे तथ्य असेलही. दात पडलेल्या, अनेक औषधे घेणाऱ्या माणसाला सर्व काही खाता येत नाही. परंतु शुश्रूषागृहात नव्याने आलेल्या वृद्धांकडे पाहता संशोधकांना क्रम दिसला, तो असा: प्रथम बदलले ते ताटातील अन्न, जंतूंची वस्ती पालटली, ती त्याच्या मागाहून.