घासून, घोटून की चढवून?

भाषांतराच्या वर्गात मी एक छोटे वाक्य हमखास देतो : 'ही इज अ पॉलिश्ड रायटर.' उत्तरे साधारण ठरलेली असतात. कोणी 'सफाईदार लेखक' म्हणतो, कोणी 'परिष्कृत', कोणी 'सुसंस्कृत'. 'पॉलिश केलेला लेखक' असे मात्र आजवर कोणी लिहिलेले नाही. बूट, कपाट, फरशी, बांगड्या, तांदूळ यांना आपण बिनदिक्कत पॉलिश करतो. मग लेखकापाशी येऊन हा शब्द का अडतो?

मूळ शब्द लॅटिन 'पोलिरे'. अर्थ, घासून गुळगुळीत करणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. याच क्रियापदाच्या 'पोलितुस' या रूपापासून इंग्रजीतला 'पोलाइट' निघाला. म्हणजे सभ्य माणूस तो, ज्याचे कंगोरे झिजले आहेत. 18व्या शतकातल्या इंग्लंडला ही कल्पना फार प्रिय होती. लॉर्ड चेस्टरफील्डने मुलाला लिहिलेली पत्रे 1774 साली पुस्तकरूपाने आली. चारचौघांत वावरून अंगी येणारी ही सफाई मुलाने मिळवावी, हा त्यांतला मोठाच ध्यास. त्या पत्रांवर ढोंग शिकवल्याचा आरोपही झाला. चकाकीबद्दलचा संशय तिकडेही होता तर.

इंग्रजीत या शब्दाचे सोबती बरेच. 'बर्निश' म्हणजे अकीकासारख्या कठीण, गुळगुळीत वस्तूने दाबून चमक आणणे. यात घासून काही काढायचे नसते, पृष्ठभाग दाबून बसवायचा असतो. 'बफ' हा शब्द 'बफेलो'च्या कातड्याशी नाते सांगतो; त्या मऊ चामड्याने पुसून चमक आणत. 'ग्लॉस' ही वरवरची तुकतुकी, म्हणून चुकांवर पांघरूण घालण्याला 'ग्लॉस ओव्हर'. या शेवटच्यासाठी मराठीने जो शब्द काढला आहे त्याला तोड नाही : सारवासारव. तिकडे तुकतुकी, इकडे शेणाचा हात; काम तेच.

आता आपल्या घरात पाहू. मराठीत 'पॉलिश'ला एकच प्रतिशब्द नाही, आणि ते मला उणेपण वाटत नाही. वस्तूचे नेमके काय होते, यावर आपली क्रियापदे ठरतात. काही निघून जात असेल तर घासणे, उजळणे, तासणे. दाबून एकजीव होत असेल तर घोटणे : गवंडी गिलावा घोटतो, पूर्वी लिहिण्याचा कागद घोटून घेत. आणि वरून काही चढत असेल तर कल्हई, मुलामा, रोगण. यांतले कितीतरी शब्द फारसी-अरबी वाटेने आले. कल्हईच्या मुळाशी कथिलाचा अरबी शब्द आहे, मुलाम्याच्या मुळाशी 'लकाकणे' हा धातू. झिलई त्याच वाटेची. हत्यारांना धार आणि झळाळी देणारा तो शिकलगार. 'सैकल' म्हणजे झळाळी देणे, त्यावरून सैकलगर आणि मग शिकलगार. तलवारी गेल्या, आडनाव राहिले.

या व्यवस्थेत 'पॉलिश' शिरला तो बुटाच्या डबीतून आणि सुताराच्या बाटलीतून. डबीत मेण, बाटलीत स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. दोन्ही वरून लावायची. त्यामुळे मराठी कानाला 'पॉलिश' म्हणजे चढवलेले काहीतरी, मुलाम्याचा धाकटा भाऊ. लेखक हसू आणतो तो यामुळे. मूळ घासण्याचा अर्थ आपल्याकडे एका गमतीदार ठिकाणी शिल्लक आहे : सँडपेपरला आपले सुतार 'पॉलिश पेपर' म्हणतात. लॅटिन पंडिताने त्यांची पाठ थोपटावी.

हे केवळ शब्दांचे लाड नाहीत. एका शब्दाने दोन उलट क्रिया झाकल्या की गिऱ्हाइकाला कळत नाही, आपल्या वस्तूत भर पडते आहे की घट. सोन्याची बांगडी 'पॉलिश करून' आणली म्हणजे तिला काही लावून आणले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात फिरत्या बफावर सोन्याचे बारीक कण निघतात. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातले सोने काढणारे झारेकरी त्या झिजेवरच तर पोट भरत. जुन्या बायका दागिने 'उजळायला' देत, आणि देताना व घेताना वजन करून घेत. उजळणे म्हटले की झीज गृहीत असायची.

तांदळाची गोष्ट याहून गंभीर. 'पॉलिश्ड तांदूळ' ऐकून दाण्याला काही फासले असावे असे वाटते. खरे तर गिरणीत त्याचा कोंड्याचा थर खरवडून काढलेला असतो, आणि त्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व. 1890च्या दशकात जावा बेटावर बटाव्हियात ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरने पाहिले, की असा पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या आजाराने लुळ्या पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की सावरतात. 1929 साली त्याला नोबेल मिळाले. मराठीत याला सरळ 'सडणे' हे क्रियापद होते. उखळात किती सडायचे हे घरची बाई ठरवी. 'हातसडीचा' म्हटले की काय काढले आणि काय राहिले याचा अंदाज येई. 'पॉलिश'मधून तो येत नाही.

मग मनाच्या आणि भाषेच्या सफाईचे काय? तिथे मराठीने परक्याकडे हात पसरलेलाच नाही. पाढ्यांची 'उजळणी' ही तांब्या-पितळेच्या उजळण्याचीच बहीण. चिंच लावून भांडे, आणि पुन्हापुन्हा म्हणून पाढे. मास्तर श्लोक 'घोटून' घेत, आणि अजूनही आपण 'घोटीव अक्षर' म्हणतो. मसुद्याला पॉलिश करायचे असते तेव्हा आपण त्यावर 'शेवटचा हात फिरवतो'. माझ्या वर्गात 'पॉलिश्ड प्रोज'साठी 'घोटीव गद्य' लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देतो. 'परिष्कृत'ला एक कमी. शब्द चुकीचा नाही, पण त्यात कष्टाचा आवाज येत नाही.

दोन वाक्प्रचार मात्र पोरांना दरवर्षी चकवतात. मास्तरांची खुशामत करणाऱ्याला अमेरिकन लोक 'ॲपल पॉलिशर' म्हणतात. तो सफरचंद पुसून देतो, आपला लोणी लावतो. तिथेही त्यांचे घासणे आणि आपले फासणे! आणि 'पॉलिश ऑफ'ला एकाने 'चकचकीत केले' असे लिहिले होते. फराळाच्या ताटाबद्दलचे वाक्य होते ते. 'फडशा पाडला' हवे. पण ताट चाटूनपुसून चकचकीत झाले असेल, तर त्याचेही फारसे चुकले नव्हते, म्हणून अर्धा गुण दिला.