इपॉक्सी फ्लोअरिंग : गॅरेजसाठी फ्लेकचा रंग कसा निवडावा?

गॅरेजमधला सिमेंटचा कोबा तेल पितो, काळा पडतो आणि झाडावा तितकी धूळ सोडतो. यावर उपाय म्हणून इपॉक्सीचा थर देऊन त्यावर रंगीत फ्लेक टाकतात. फ्लेक म्हणजे वाळलेल्या रंगाच्या पातळ कपच्या. थर ओला असतानाच त्या शिंपडतात. थर वाळल्यावर सुट्या कपच्या खरवडून, झाडून काढतात व वरून पारदर्शक थर देतात. नंतर रंग आवडला नाही, तर सारे घासून पुन्हा खर्च करावा लागतो. म्हणून निवड आधीच विचारपूर्वक करावी.

प्रथम जागेवर काम कोणते चालते ते पाहावे. गाड्या नुसत्या उभ्या राहणार असतील तर करड्या, काळ्या व पांढऱ्या फ्लेकचे दोन सुती (१/४ इंच) मिश्रण दाट टाकावे. त्यात धूळ आणि टायरचे डाग लपतात. मेकॅनिकला मात्र हेच मिश्रण त्रासाचे ठरते. हातातून पडलेला नट किंवा वॉशर त्या ठिपक्यांत सापडत नाही. त्याने फिकट करडी जमीन घ्यावी आणि तिच्याच जवळच्या छटेचा एक सुती फ्लेक विरळ टाकावा. अशा जमिनीवर गाडीतून गळणारे तेलही चटकन दिसते. एकरंगी काळ्या जमिनीवर धूळ उठून दिसते आणि गाडीखाली उजेड कमी पडतो.

आपल्या भागातील मातीचाही विचार करावा. कोकणात टायरला तांबडी माती येते. तेथे मिश्रणात थोडा विटकरी किंवा बदामी फ्लेक असावा. देशावर काळी माती असते. तेथे करडा रंग चालतो.

शटरजवळ ऊन येत असेल तर सावध राहावे. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते आणि पांढऱ्या व फिक्या निळ्या रंगावर ते लवकर दिसते. तेथे वरचा थर ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेनचा घ्यावा. फ्लेक विरळ टाकायचा असेल तर खालच्या थराचा रंगही दिसणार, हे विसरू नये.

फ्लोअरिंगचे काम करणाऱ्या कारागीर बंधूंनी लहानशा रंगपत्रकावर ऑर्डर घेऊ नये. दोन फूट लांब-रुंद फळीवर पूर्ण नमुना करून ती ग्राहकाच्या गॅरेजमध्येच ठेवावी. दिवसाच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली ती दाखवावी. तीवर मूठभर माती, थोडे जळके तेल आणि चार नट टाकून पाहावेत. पसंत पडलेल्या फळीवर ग्राहकाची सही घेऊन ती बिल चुकते होईपर्यंत जपावी. काम सुरू करण्यापूर्वी सर्व खोक्यांतील फ्लेक एकत्र कालवून घ्यावा, म्हणजे जमिनीवर पट्टे उमटत नाहीत.

फळीचा खर्च थोडा असतो. बिघडलेल्या कामाचा भुर्दंड आणि तुटलेले गिऱ्हाईक त्याहून कितीतरी महाग पडते.