दोन बोटं माया

नऊवारी साडी एका गाठीवर उभी असते. कमरेशी घट्ट मारलेली ती गाठ, पुढच्या निऱ्या, पायांमधून मागे नेऊन खोचलेला काष्टा आणि खांद्यावरचा पदर, एवढ्यावर सव्वाआठ मीटर कापड दिवसभर अंगावर राहतं. टाचणी लागत नाही, आत परकर लागत नाही. बाई वाकली, मांडी घालून बसली, विहिरीच्या पायऱ्या उतरली, तरी कापड तिच्या हालचालीबरोबर थोडं सरकतं आणि पुन्हा जागेवर येतं. ही विद्या रोजच्या नेसण्यातून हातात येत असे. आज बोहल्यावर चढणाऱ्या बहुतेक मुलींना ती येत नाही, त्यांच्या आयांनाही येत नाही, आणि बऱ्याच घरांत आता आजीसुद्धा सहावारीतलीच असते. लग्नात नऊवारी मात्र हवी असते. मग ती शिवून घेतात. पायजम्यासारखे पाय घालायचे, कमरेला हूक लावायचे, पदर खांद्यावर टाचायचा, की पाच मिनिटांत नवरी तयार.

लग्नसराईच्या अंकासाठी संपादकांना या शिवलेल्या नऊवारीच्या बाजाराचा आढावा हवा होता. त्यासाठी पुण्यात लक्ष्मी रस्त्याची दुकानं पालथी घातली. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी, राजलक्ष्मी अशा नावांच्या तयार नऊवाऱ्या हँगरला टांगलेल्या, बहुतेकांवर ‘फ्री साइज’ची चिठ्ठी. एका दुकानात सहज विचारलं, की ज्या मुलीला ही फ्री साइज होत नाही तिनं काय करायचं? काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “त्यांना आम्ही मावशींकडे पाठवतो.” मीही गेले आणि बाजाराचा आढावा तिथेच राहिला.

नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत कापण्याचं लांब टेबल, दुसरीत जुकीची दोन मशिनं, एक ओव्हरलॉक आणि खिडकीशी एक जुनं पायाचं मशीन. नाव छापायचं नाही, ही मावशींची अट. आहे तेवढंच काम त्यांच्या हाताबाहेर चाललं आहे. गिऱ्हाइकं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही इथे मावशीच म्हणते.

साडीला कात्री लावण्याचा इतिहास फार जुना नाही. बालगंधर्वांच्या साड्या आणि त्यांचं नेसणं बघून घरंदाज बायकांनी आपली नेसण बदलली, पण ते नेसणंच होतं. १९३०च्या दशकात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी भरतनाट्यमसाठी साडीच्या कापडाचा शिवलेला पोशाख रूढ केला, पायांना पायजमा आणि पुढे पंख्यासारख्या उघडणाऱ्या निऱ्या. आपल्याकडे शिवलेली नऊवारी आधी दिसली ती नाचणाऱ्या अंगांवर. लावणीचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं, मग गुढीपाडव्याच्या शोभायात्रा. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि लग्नाच्या बाजारात मागणी वाढली. इतकं सांगून हा विषय मी सोडते, कारण मावशींच्या खोलीत इतिहासापेक्षा पाट महत्त्वाचा आहे.

नवरी मापं द्यायला आली की मावशी तिला आधी पाटावर मांडी घालून बसवतात. टेप नंतर. कपड्यांची मापं उभ्या माणसाची घेतात, आणि लग्नातली नवरी अर्धा वेळ बसलेली असते. गौरीहरापुढे बसते, कन्यादानाला बसते, होमापुढे बसते. बसलं की कमरेच्या मागच्या बाजूला दोन-तीन इंच कापड जास्त लागतं. नेसलेल्या नऊवारीत ते निऱ्यांतून आणि खोचलेल्या काष्ट्यातून आपोआप सुटतं. शिवलेल्या नऊवारीत काष्टा मागच्या पट्ट्यात टिपेनं पक्का केलेला असतो, त्याला सुटायला जागाच नसते. नवरी खाली बसली की सगळा ताण पायांमधल्या जोडावर येतो. शिवणीचा दोरा बऱ्याचदा तुटत नाही. रेशमाचे तंतू गुळगुळीत असतात, ते दोऱ्यापासून सरकतात आणि शिवणीलगत कापडाला जाळी पडते. भर मांडवात, गुरुजींसमोर, नवरीला ते फक्त जाणवतं. बघता येत नाही आणि उठताही येत नाही.

मावशींनी काष्ट्याचं वरचं टोक पट्ट्यात शिवणंच सोडून दिलं आहे. पट्ट्याला आतून रुंद इलॅस्टिकची एक पट्टी असते, तिच्यावर ते टोक बसवलेलं असतं. बाहेरून दिसतात फक्त नीट चापून बसवलेल्या चुण्या आणि मधोमध खाली उतरलेला जरीचा काठ. नवरी बसली की काष्टा दोन बोटं खाली येतो, उठली की वर जातो. पायांमध्ये पतंगाच्या आकाराचा एक तुकडा असतो, तो उरेब, म्हणजे तिरका, कापलेला, कारण उरेब कापड ओढ लागली की लवतं. त्या तुकड्याखाली मलमलीचा थर असतो, म्हणजे ओढ रेशमावर न येता सुतावर येते. मी मावशींना तो काष्टा परत परत खालीवर करून दाखवायला लावला. आमच्या आज्यापणज्या गाठीतून जे मिळवत होत्या ते या बाईंनी इलॅस्टिक, मलमल आणि उरेब कापणीतून परत मिळवलं आहे. इतक्या हुशारीचं काम मी शिवणाच्या खोलीत क्वचितच पाहिलं असेल.

त्यांच्याकडे येणाऱ्या नवरीमुलींना रुळलेल्या वाटेनं जायचं नसतं, हे दुकानदारांना माहीत असतं. कुणाला बुलेटवरून कार्यालयात यायचं असतं, मग पोटरीशी कापड गोळा होणार नाही अशी कापणी लागते. कुणाला मोबाइलपुरता खिसा हवा असतो. तो ओच्याच्या डाव्या अंगाला, निऱ्यांच्या आत असा जातो, की हात घातला तरी निरी सरळ केल्यासारखं वाटतं. रजिस्टर लग्न करणाऱ्या एका मुलीनं काळी चंद्रकळा आणली होती. काळी साडी संक्रांतीची, लग्नात तिला कोण जवळ करतं? तिला मात्र तीच हवी होती, आजीनं पहिल्या संक्रांतीला नेसलेली. मावशींनी तिचे काठ हातशिलाईनं बसवले आणि आत अस्तर मुद्दाम हळदीच्या रंगाचं लावलं. मुलगी चालली की घोट्याशी तेवढी पिवळी रेघ दिसे.

चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या एका मुलीच्या नऊवारीवर मावशी सर्वांत जास्त बोलल्या, आणि मलाही ती फार विचार करून केलेली वाटली. दिवसभर एकाच जागी बसणाऱ्या अंगाखाली शिवणीचा उंचवटा आला तर कातडीला जखम होऊ शकते. म्हणून बैठकीखाली एकही जोड ठेवायचा नाही, असं ठरलं. मागचा काष्टा काढून टाकला आणि त्याचा काठ दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या बाजूनं खाली आणला. त्यामुळे बसलेल्या नवरीचाही काठ समोरून दिसू लागला. दोन्ही कुशींना कमरेपासून घोट्यापर्यंत उघडता येणारे हूक दिले, म्हणजे पलंगावर पडून नेसता येईल. पुढच्या निऱ्या पावलांच्या वरच थांबवल्या आणि पदर मांडीशी बांधून घेतला, कारण दोन्हींना चाकात अडकायची भीती. मावशींच्या वहीत या नऊवारीच्या आकृत्यांची पानंच्या पानं आहेत. काष्टा नसलेली नऊवारी ती नऊवारीच का, असं मुलीच्या घरात कुणीतरी विचारलं होतं म्हणे. मला हा प्रश्न पडला नाही. ती मुलगी नवरी दिसत होती, आणि कापड तिच्या अंगाच्या बाजूनं होतं.

मी तिथे असताना आई आणि लेक एक शालू घेऊन आल्या. आईच्या लग्नातला, सहावारी, डाळिंबी. लेकीला त्याची नऊवारी हवी होती. कापून शिवली की कापड कमी पुरतं, म्हणून साडेपाच मीटरमधूनही नऊवारी निघते. पाय, निऱ्या, काष्टा आणि पदर वेगवेगळे कापून काठ योग्य जागी आणायचे असतात. मावशींनी शालू टेबलावर पसरला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरून एकेक घडी तपासली. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम त्या घडीवरच विरतं. दोन ठिकाणी उजेड आरपार आला. त्यांनी खडूनं खुणा केल्या आणि वर्तमानपत्राचे साचे अशा रीतीनं फिरवले की त्या दोन्ही जागा निऱ्यांच्या आतल्या बाजूला गेल्या. मग कात्री खाली ठेवली आणि आईकडे बघून म्हणाल्या, “ताई, हा परत शालू होणार नाही. चालेल?”

आईनं लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, “आई, तू लग्नानंतर कितीदा नेसलीस?” आईनं उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं मान हलवली.

मावशींच्या धंद्यातली सगळी काळजी त्यांच्या त्या ‘चालेल?’मध्ये आहे आणि तिथून निघताना ती माझ्याही मनात होती. साडीला माप नसतं. आईची लेकीला होते, लेकीची सुनेला होते, बारीक बाईची जाड बाईला होते. शिवली की ती एकाच अंगाची होते, आणि तेही त्या एका वर्षातल्या अंगाची. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये मुली बारीक होतात, कधी जाड होतात. मावशी म्हणून प्रत्येक कुशीला आत भरपूर माया सोडतात, पट्ट्याला हुकांच्या तीन ओळी देतात आणि पाय जिच्या तिच्या चपलेवर मापतात. मांडवात अनवाणी आणि स्वागत समारंभाला उंच टाचा, असं असेल तर घोट्याशी दुमड ठेवून कच्चा टाका घालतात. कापणीचा नकाशा वहीत काढतात, म्हणजे पुढे कुणी उसवायला घेतलं तर कुठला तुकडा कुठून आला ते कळेल. इतकं करूनही तुकडे जोडून साडी होत नाही, हे त्या स्वतःच सांगतात.

ज्यांची साडी खरोखर नऊवारी आहे त्यांना त्या न कापता शिवायचा सल्ला देतात. अख्ख्या कापडात निऱ्या आणि काष्टा घालून फक्त टाक्यांनी आणि पट्ट्यानं धरायचं, पुढे टाके उसवले की साडी परत साडी. यात वेळ जास्त लागतो, कमरेशी कापडाचा थर जाड होतो आणि मुलींना ते आवडत नाही. बऱ्याच जणी कापायलाच सांगतात.

धर्माचा प्रश्नही येतो. पूजेला, होमाला सुई न लागलेलं वस्त्र शुद्ध मानणारी घरं आहेत. मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री गौरीहरापुढे नेसायची असते, तीही शिवून द्या असा आग्रह आता होऊ लागला आहे. मावशी ती शिवत नाहीत. त्याऐवजी नवरीला आरशासमोर उभी करून नेसायला शिकवतात, पैसे न घेता. ती सुती साडी हाताला लवकर येते. काही मुलींना नेसता येऊ लागलं की त्या शालूची शिवणही रद्द करतात. मावशी त्यांना मोकळेपणानं जाऊ देतात, हे पाहून मला मावशींबद्दल वाटणारा आदर वाढला.

धंद्याचं गणित मात्र अवघड होत चाललं आहे. तयार नऊवारी भाड्यानं मिळते. ती एक दिवस टिकली तरी पुरते, आणि तिच्या जोडाखाली मलमल आहे का ते कुणी बघत नाही. हाताखालच्या मुली काम शिकतात आणि ब्लाउजच्या कामाला लागतात, कारण ब्लाउज लवकर संपतं आणि रोख मिळते. हातशिलाईला बसणारी आता एकच मुलगी आहे. मावशींच्या डोळ्यांना संध्याकाळनंतर डाळिंबीवरचा डाळिंबी दोरा दिसत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की एकाच दिवसाच्या तीन-तीन नऊवाऱ्या टेबलावर असतात. मुहूर्त पुढे जात नाही, त्यामुळे रात्र जागवावी लागते.

आणि पैठणी. हातमागावरच्या पैठणीला कात्री लावायला मावशींनी आजवर नकार दिला आहे. येवल्याच्या मागावर तिच्या पदराचे मोर, मुनिया, असावली रंगीत दोऱ्यांच्या छोट्या कांड्या एकेक फिरवत हातानं विणतात. काठ आणि अंग विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात. काही साड्यांना कित्येक महिने लागतात. २०१०मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अशी साडी तिरकी कापायची म्हणजे ते अडकवलेले धागे मोकळे करायचे. “विणणाऱ्याच्या समोर मला कापता येणार नाही, मग त्याच्या पाठीमागे कशी कापू?” असं त्या म्हणाल्या. जुन्या खऱ्या जरीच्या साड्या चांदीसाठी वितळवायला विकतात, त्यापेक्षा कापून अंगावर घातलेली काय वाईट, असं मी विचारलं. त्यावर त्या बराच वेळ विचार करत राहिल्या आणि म्हणाल्या, की हे बरोबर आहे, तरी माझ्याच्यानं होणार नाही.

त्यांनी वेगळा मार्ग काढला आहे. शिवण्यासाठीच विणलेली पैठणी. अंग साधं, काठ दोन्ही बाजूंना सारखे, काष्ट्यावर जिथे काठ यायचा तिथे तो आधीच विणलेला, आणि पदर वेगळा तुकडा म्हणून मागावरूनच सुटा काढलेला. कागदावर इंचांसकट आकृती काढून त्यांनी येवल्याच्या एका विणकराकडे पाठवली. त्यानं नकार दिला नाही. अडचण ताण्याची आहे. मागावर एकदा ताणा चढवला की त्यातून अनेक साड्या काढाव्या लागतात. एका नवरीसाठी वेगळ्या रुंदीच्या काठांचा ताणा चढवणं त्याला परवडत नाही. त्याच रंगाच्या, त्याच काठाच्या आणखी नवऱ्या हव्यात. मावशींनी पुढच्या हंगामासाठी आलेल्या मुलींना विचारायला सुरुवात केली आहे. दोघी तयार झाल्या आहेत, दोघींनाही जांभळा हवा आहे. विणकरानं निदान आणखी दोन मागितल्या आहेत.