बंगळूरुत अभियांत्रिकीची जागा, कोणत्या दारातून?

• केसीईटी : कर्नाटकची राज्य प्रवेश परीक्षा. सरकारी कोट्यातील कमी शुल्काच्या जागा. पात्रतेचे नियम अनेक. सर्वांत रुळलेला, राज्यात किमान ७ वर्षे शिक्षण. विश्वेश्वरय्यांनी १९१७मध्ये उभारलेल्या यूव्हीसीई या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रस्ता इथूनच.

• कॉमेड-के : खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची परीक्षा, देशभरातील विद्यार्थ्यांना खुली. वर्ग तोच, बाक तोच. शुल्क मात्र सरकारी कोट्याहून बरेच जास्त.

• सीमाभाग : महाराष्ट्रातील अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत, गडहिंग्लज तालुक्यांतील कन्नड मातृभाषिकांना केसीईटीत ‘गडिनाडू’ कलमाखाली संधी. उलट बाजूने, कर्नाटकातील ८६५ वादग्रस्त गावांतील मराठी मातृभाषिकांना महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत पात्रता.

• घरचा पर्याय : महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी. पुण्याचे सीओईपी (१८५४), मुंबईचे व्हीजेटीआय (१८८७).