कामाच्या ठिकाणी समता : कायदा आणि आपण

समता हा शब्द आपण सभांतून वारंवार उच्चारतो. पण कचेरीत शेजारच्या टेबलावरील माणसाशी आपण कसे वागतो, येथे त्याची खरी परीक्षा होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाखेत होतो, तेथे एक तरुण कारकून बदलून आला. हिशेब चोख, पण आवाज बारीक, चाल नाजूक. रोज त्याची नक्कल होई. आम्ही नक्कल केली नाही, पण हसलो मात्र. वर्षाच्या आत त्याने बदली मागून घेतली. जातीवरून टोमणे ऐकत वाढलेल्या आम्हांस हा टोमणा कळू नये, याची आज लाज वाटते.

हा विषय आपल्या चळवळीला परका नाही. र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटल्यात कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे विसरता येत नाही.

आता कायदा पाहू. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्यानंतर २३ एप्रिल २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकेच्या अर्जांत ‘तृतीय लिंग’ हा रकाना ठेवण्यास सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांना नोकरी, भरती व बढतीत डावलण्यास मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्यास सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्याच्या पोलीस भरतीचे दार त्यांना उघडले.

समलिंगी कर्मचाऱ्यांसाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. तेथे आधार सहकाऱ्यांच्या वागणुकीचाच.

खर्ड्यासारख्या गावात सर्वजण ओळखीचे; एकदा चिकटलेले टोपणनाव जन्मभर सुटत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही नोकरीला लागाल, तेव्हा एवढेच करा : नक्कल सुरू झाली की हसू नका, आणि ‘हे थांबवा’ असे स्पष्ट म्हणा. आम्हांला ते त्या वेळी जमले नाही.