मोटारीची पुढची पाटी

उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदल्या गेलेल्या महाराष्ट्रातील वाहनांसाठी प्रथम ३१ मार्च २०२५ ही तारीख ठरली होती, ती जूनअखेर, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर अशी सरकत सरकत वर्षअखेरीस येऊन ठेपली, आणि या काळात दुचाकीला ४५० व मोटारीला ७४५ रुपये, वर कर, हे दर शेजारच्या राज्यांपेक्षा अधिक आहेत की नाहीत, यावर पुष्कळ वाद झडला. तो वाद वाचकांच्या परिचयाचा असल्याने येथे त्याची उजळणी करीत नाही. परंतु मोटारीच्या कपाळी ही पाटी हवीच कशाला, मागे एक असताना पुढे दुसरी कशासाठी, हा प्रश्न या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. आणि माझ्या मते पाटीच्या साऱ्या कायद्याचे मर्म त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे नोंदणी झाल्याखेरीज वाहन रस्त्यावर आणता येत नाही, आणि मिळालेले नोंदणीचिन्ह विहित पद्धतीने वाहनावर दर्शवावे लागते. ही विहित पद्धत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील ५० व ५१ या नियमांत आहे. मोटारीला पुढे आणि मागे अशा दोन्ही बाजूंनी पाटी, अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, रेषेची जाडी १० मिलिमीटर, दोन अक्षरांमधील अंतरही तितकेच, अक्षरे इंग्रजी व अंकही त्याच वळणाचे, खाजगी मोटारीला पांढऱ्यावर काळे, भाड्याच्या मोटारीला पिवळ्यावर काळे, असा हा तपशीलवार हुकूम आहे. मोटारसायकलची पुढची पाटी चाकाच्या रेषेत उभी न लावता हँडलला समांतर असावी, म्हणजे समोरच्या माणसाला ती वाचता यावी, एवढी बारीक काळजीसुद्धा नियमकर्त्यांनी वाहिली आहे.

मराठीतून पाटी लिहिण्याचा आग्रह आपल्याकडे वेळोवेळी धरला जातो, आणि त्यामागील भाषाप्रेमाविषयी मला नितांत आदर आहे. तथापि कोल्हापुरात नोंदलेली गाडी बेळगावात, सुरतेत किंवा थेट चेन्नईत अपघात करून निघून गेली, तर तेथील रस्त्यावरच्या इसमाला तो क्रमांक वाचता आला पाहिजे, ही गरज त्या आग्रहाहून मोठी आहे. मात्र रेडियमच्या दुकानात ४१४१ या अंकांना देवनागरी वळण देऊन ‘दादा’ आणि २१४ ला ‘राम’ करून मिळते, तो प्रकार भाषाप्रेमाचा नव्हे. वाचणाऱ्याला क्षणभरही अडखळविणारी पाटी ही पाटी नसल्यासारखीच होय.

आता पुढच्या पाटीकडे वळू. मागच्या पाटीवर पांढऱ्या प्रकाशाचा दिवा असला पाहिजे आणि रात्री ती पंधरा मीटरांवरून वाचता आली पाहिजे, अशी नियमांत तरतूद आहे. पुढच्या पाटीला मात्र असा स्वतःचा दिवा नाही. ती दोन प्रखर दिव्यांच्या मध्ये अंधारात बसलेली असते, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा, पोलिसाच्या विजेरीचा किंवा कॅमेऱ्याचा प्रकाश तिच्यावर पडून आल्या वाटेने परत फिरेल तेव्हाच ती वाचता येते. म्हणूनच नव्या पाटीवरील परावर्तक पृष्ठाला महत्त्व आहे. रंगाऱ्याने पत्र्यावर साध्या रंगाने लिहिलेला क्रमांक दिवसा कितीही सुबक दिसला, तरी पावसाळ्यातील रात्री घाटात तो नसल्यात जमा होतो. शिवाय रस्ता ओलांडणारा पादचारी, चौकातील हवालदार, सायकलवरून शाळेला निघालेला मुलगा या सर्वांना मोटार प्रथम दिसते ती समोरून. धडक बसते तीही बहुधा तिच्या पुढच्या अंगाची. ज्या बाजूने इजा होते त्याच बाजूला तिचे नाव लिहिलेले असावे, यापेक्षा न्याय्य अपेक्षा दुसरी कोणती असू शकेल?

२६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीवर जे घडले, ते या संदर्भात पुन्हा आठवण्यासारखे आहे. दहशतवाद्यांनी बळकाविलेल्या स्कोडा मोटारीचा रंग, बनावट आणि क्रमांक नियंत्रण कक्षाने बिनतारी संदेशाने कळविला होता, आणि डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या मंडळींनी त्यावरून नाकाबंदी केली होती. मोटार आली ती अडथळ्यांच्या अलीकडे थांबली. तिचे पुढचे दिवे डोळे दिपवीत होते, आणि आतल्यांनी काचेवर पाण्याचा फवारा सोडून वायपर चालू केल्यामुळे चालक कोण, शेजारी कोण, काहीच दिसेना. माणसांचे चेहरे लपले, पण मोटारीची ओळख त्यांना लपविता आली नाही. पुढे तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना जे केले ते सर्व जगाला ठाऊक आहे, आणि त्या शौर्याचे मोल कोणत्याही नियमाने मोजता येणार नाही. परंतु त्या रात्री नाकाबंदीवरील पोलिसांच्या हाती खूण म्हणून जे होते, त्यात समोरून येणाऱ्या मोटारीचा क्रमांक होता.

आणि हीच पाटी खोटी असली तर काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत कार्मायकल रोडवर जिलेटिनच्या कांड्या भरलेली जी मोटार उभी केलेली सापडली, तिच्यावरील क्रमांक तिचा नव्हता. आणि त्याच प्रकरणाच्या तपासात मार्चअखेरीस पाणबुड्यांनी मिठी नदीच्या गाळातून ज्या वस्तू वर काढल्या, त्यांत वाहनांच्या पाट्याही होत्या. दोन स्क्रू फिरविले की जी ओळख उतरते आणि वाटेल त्या गाडीवर चढते, ती ओळख विश्वासार्ह कशी मानावी? नव्या पाटीचा एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर वीस मिलिमीटर चौरस अशोकचक्राची क्रोमियमची मुद्रा, लेसरने कोरलेला स्वतंत्र अनुक्रमांक, एकदा बसविल्यावर तोडल्यावाचून न निघणारी कुलपाची खीळ, आणि पुढच्या काचेवर आतून चिकटविलेली, इंजिन व चासीचे क्रमांक सांगणारी तिसरी पट्टी, हा सारा बंदोबस्त या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. एखाद्या निरपराध माणसाच्या घरी त्याने कधी न पाहिलेल्या रस्त्यावरील कसुरीचे चलन येते, तेव्हा त्याचा क्रमांक कोणीतरी दुसऱ्या गाडीवर चढविलेला असण्याचा संभव असतो; त्या माणसाच्या दृष्टीने ही खीळ पैशांचा अपव्यय नव्हे.

पुढच्या पाटीवाचून चालते, असे मानणारेही प्रदेश जगात आहेत. अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याच्या अखत्यारीत असून, न्यू जर्सीतील एडिसन गावच्या मराठी कुटुंबाला आपल्या मोटारीवर दोन पाट्या लावाव्या लागतात, तर डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या त्यांच्या आप्तांना मागची एकच पुरते. ओहायो राज्याने पोलिसांचा विरोध असताना १ जुलै २०२० पासून पुढची पाटी रद्द केली. पाटीचा खर्च वाचतो, मोटारीच्या दर्शनी भागाची शोभा बिघडत नाही, हे त्यामागील युक्तिवाद मी लक्षपूर्वक वाचले आहेत, आणि ते मला पटलेले नाहीत. जेथे पादचारी आणि मोटार एकाच अरुंद रस्त्यावर, पदपथाच्या आधारावाचून, समोरासमोर येतात, तेथे शोभेचा मुद्दा उपस्थित करणेच मुळी अनुचित आहे. याच कारणास्तव गाड्यांच्या तोंडावर बसविलेल्या, क्रमांक झाकणाऱ्या आणि पादचाऱ्याला अधिक घातक ठरणाऱ्या लोखंडी गार्डांविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईचे जे पत्र पाठविले, ते योग्यच होते. ते गार्ड आजही सर्रास दिसतात, ही अंमलबजावणीची उणीव आहे.

उणिवांचा दोष केवळ वाहनधारकांच्या माथी मारणे मात्र अन्याय्य ठरेल. उच्च सुरक्षा पाटीचा नियम निघाला २००१ साली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती योजना वैध ठरविली आणि पुढे २०११-१२ मध्ये दिरंगाई करणाऱ्या राज्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. आणि महाराष्ट्रातील जुन्या वाहनांची पाळी आली ती २०२५ मध्ये. ज्या कामाला शासनाला दोन तपे लागली, ते सुमारे दोन कोटी वाहनांच्या मालकांनी काही महिन्यांत उरकावे, आणि त्यासाठी खेड्यातील शेतकऱ्याने ट्रॅक्टर तालुक्याच्या केंद्रावर न्यावा, ही अपेक्षा धरणाऱ्यांनी केंद्रे गावाजवळ आणण्याची जबाबदारीही तितक्याच तत्परतेने पार पाडावयास हवी होती. दंडाची भाषा त्यानंतरची.

तरीही मुदत आणखी एकदा वाढेल या भरवशावर वाचकांनी राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाटीसाठी नोंदणी केली नसेल तर ती परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी, कारण बनावट संकेतस्थळांवर पैसे भरून फसलेल्यांच्या तक्रारी आल्या आहेत. आणि पाटी बसली असेल तर आपल्या मोटारीसमोर दहा पावलांवर उभे राहून तिचा क्रमांक चिखल, हार, झेंडा किंवा गार्ड यांच्या आड न जाता स्पष्ट वाचता येतो की नाही, एवढे आजच पाहून घ्यावे.